म्हशीच्या जागी शेळी

कॅमेऱ्याच्या दुकानात टर्नर तिसऱ्यांदा आला, तेव्हा त्याच्या पिशवीत एक ताटली आणि पाण्याची बाटली होती. दुकानातली मुलगी त्याला आता चांगलीच ओळखायला लागली होती. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण जरा ओढूनताणूनच. पहिल्या खेपेला त्याने पाच ट्रायपॉडचे पाय उघडून मिटून पाहिले होते. दुसऱ्या खेपेला व्हर्नियर आणून नळ्यांची जाडी मोजली होती. आज त्याने एक ट्रायपॉड दुकानाच्या मधोमध उभा केला, त्याच्या माथ्यावर ताटली ठेवली, तिच्यात बोटभर पाणी ओतलं आणि पायाला टिचकी मारली.

"एक, दोन, तीन..." पाणी थरथरायचं थांबेपर्यंत तो मोजत राहिला. "सात! सात सेकंद थरथरतो हा."

"काका, डोंगरावर टिचकी कोण मारणार आहे?" मुलगी म्हणाली.

"वारा मारतो."

टर्नरची खरी पंचाईत हीच होती की तो बोलायचा ते बरोबर असायचं. कारखान्यात टर्नर म्हणून अडतीस वर्षं लेथवर उभं राहून त्याने लोखंड आणि पितळ कातलं होतं आणि केसाएवढी चूकसुद्धा त्याच्या बोटाला आधी कळायची, डोळ्याला नंतर. पाच जोडांचे पाय मिटले की लहान होतात, पण शेवटची नळी करंगळीएवढी बारीक, म्हणून तो नको. खटक्याची लॉक झुडपात अडकतात, म्हणून ती नकोत. पिळाच्या लॉकमध्ये माती जाते, म्हणून तीही नकोत. मधला खांब वर ओढला की तीन पायांचं काम एका पायावर येतं. सगळं खरं. फक्त या खऱ्याला खरं जोडत गेलं की शेवटी एकही ट्रायपॉड शिल्लक राहत नव्हता.

त्याची बायको काउंटरला टेकून हे सगळं बघत होती. ती शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली होती. एका वर्गात पन्नास मुलं सांभाळलेल्या बाईकडे असतो तेवढा धीर तिच्याकडे होता, पण तोही आता संपत आला होता.

"हा उचलून बघा," ती म्हणाली. तिच्या हातात कार्बन फायबरचा, चार जोडांचा, मधला खांब नसलेला एक काळा ट्रायपॉड होता. "दीड किलोसुद्धा नाही."

टर्नरने तो एका हाताने उचलला आणि तोंड वाकडं केलं. "ही काय, शेळी आहे नुसती."

"शेळ्याच चढतात डोंगर," बायको म्हणाली. "म्हशी नाही चढत."

दुकानातली मुलगी हसली, पण टर्नरला ते झोंबलं. कारण म्हैस त्याची होती.

म्हैस म्हणजे घरातला जुना ट्रायपॉड. लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी टर्नरने तो स्वतःच्या हाताने बनवला होता. सागवानी पाय, पितळेचं डोकं, प्रत्येक स्क्रू स्वतः आटे पाडलेला. वजन सहा किलो दोनशे ग्रॅम. नाव बायकोने ठेवलं होतं आणि ते त्याने मोठ्या मनाने पत्करलं होतं, कारण त्या म्हशीला वर नेणारा तोच होता. सव्वीस वर्षं दोघं मिळून डोंगर चढत. ती कॅमेरा घेई, तो म्हैस. त्याच्या सगळ्या शर्टांचा उजवा खांदा आधी विरायचा. फोटोतलं त्याला ओ की ठो कळत नसे आणि कळून घ्यायची इच्छाही नसे. वर पोहोचलं की म्हैस उभी करायची, सपाटी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणायचा, आणि मग वाऱ्याच्या बाजूला कोट पसरून भिंतीसारखं उभं राहायचं, एवढं त्याचं काम. ती कॅमेऱ्यापुढे काळी काच लावून अर्धा-अर्धा मिनिट फोटो घ्यायची. तळ्याचं पाणी मग दुधावरच्या सायीसारखं दिसायचं. त्या अर्ध्या मिनिटात कॅमेरा केसभर जरी हलला तरी सगळ्यावर पाणी पडायचं. म्हशीने सव्वीस वर्षांत एकदाही दगा दिला नव्हता.

दगा दिला तो टर्नरच्या गुडघ्याने. गेल्या वर्षी त्याचं ऑपरेशन झालं. सपाटीवर हवं तेवढं चाला, चढावर जपून, आणि ओझं अजिबात नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून म्हैस दाराआड उभी होती आणि बायकोही दीड वर्ष डोंगरावर गेली नव्हती. आता ती जाणार होती. वर, कड्याच्या माथ्यावरून दिसणाऱ्या तळ्यापलीकडे दोन सुळके आहेत. वर्षातले चारच दिवस दुपारी चारच्या सुमाराला सूर्य त्या दोन सुळक्यांमधल्या खाचेत येतो आणि प्रकाशाचा एकच पट्टा तळ्यावर आडवा पडतो. ते दिवस येत्या रविवारी सुरू होत होते. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई सोबतीला यायला तयार होत्या. अडलं होतं ते फक्त ट्रायपॉडवर, आणि ट्रायपॉड अडला होता टर्नरवर.

दुकानातून परत येताना बसमध्ये बायकोने तिकिटं काढली. मग तिने सरळ विचारलं.

"तुम्हाला ट्रायपॉड नको आहे, की मी जायला नको आहे?"

"मी कुठे तसं म्हणालो?"

"म्हणाला नाहीत म्हणूनच विचारते."

"त्या शेळीचं डोकं बघितलंस का? बॉल हेड म्हणे. एक खटका सैल झाला की कॅमेरा मान टाकतो." आणि तो बॉल हेडच्या दोषांवर बोलत राहिला, ते थेट घराचा स्टॉप येईपर्यंत. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की तिचा प्रश्न अगदी वर्मी लागला होता. म्हैस न्यायला तो लागत होता. शेळी न्यायला कोणीच लागत नव्हतं. ज्या दिवशी ती वजन न जाणवता वर जाईल आणि फोटो चांगला येईल, त्या दिवशी सव्वीस वर्षं तो जे करत होता ते नसलं तरी चालतं हे सिद्ध होईल. हे बायकोला सांगण्यापेक्षा त्याला पुन्हा गुडघा कापून घेणं सोपं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी बायको एकटीच गेली आणि शेळी घेऊन आली. एक घाव दोन तुकडे.

टर्नर आधी दोन तास तिच्याकडे ढुंकूनही बघेना. मग त्याला राहवेना. माणूस रुसू शकतो, पण कारागिराचे हात फार वेळ रुसत नाहीत. संध्याकाळपर्यंत त्याने शेळीचे तिन्ही पाय खोलून, पुसून, परत बसवले होते. आठवडाभर त्याने बायकोला जमिनीवर बसवून धडे दिले.

"सगळ्यात बारीक नळी शक्यतो बाहेर काढायची नाही. वाकून फोटो काढ, कंबर दुखली तर दुखू दे. एक पाय नेहमी उताराच्या बाजूला. आणि खाली हा हुक आहे, त्याला सॅक अडकवायची. पण लोंबकळत नाही ठेवायची. ती जमिनीला टेकली पाहिजे, नाहीतर वाऱ्यात तीच झोके घेईल आणि शेळीलाही घेऊन जाईल."

"घरात बसून उंटावरून शेळ्या हाकायचं काम छान जमतंय तुम्हाला," ती म्हणाली, पण एकेक गोष्ट तिने वहीत लिहून घेतली. शिकवणारी बाई होती, शिकायचं कसं हे तिला ठाऊक होतं.

शनिवारी त्याला एक खोट सापडली. बॉल हेड कॅमेऱ्याला थेट धरत नाही. कॅमेऱ्याच्या बुडाशी आगपेटीएवढी एक प्लेट स्क्रूने बसवायची आणि ती प्लेट डोक्याच्या जबड्यात अडकवायची. टर्नरने कॅमेरा उभ्या फोटोसाठी कुशीवर वळवला, तर तो प्लेटवर हळूच फिरला. जरासाच, पण फिरला. त्याला मनापासून आनंद झाला. त्याने प्लेट काढली, तिच्या मापाचं पातळ रबर कापलं, गोंदाने चिकटवलं, आणि नीट धरावं म्हणून बाल्कनीतल्या आपल्या टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी पकडीत दाबून ठेवलं. बायको तेव्हा चित्रकलेच्या बाईंकडे डब्याचं ठरवायला गेली होती. सकाळी काढून बसवू, त्याने ठरवलं.

सकाळी मात्र त्याचं डोकं फिरलं. कारण काही नव्हतं. बायको लवकर उठली, गुणगुणत तयार झाली, शेळी सॅकच्या बाजूला बांधली, आणि आरशात बघून जांभळी टोपी नीट केली. ती इतकी खुशीत होती की टर्नरला ते बघवेना. तो वर्तमानपत्रात तोंड घालून बसला.

"येते हो."

"हं."

"काही सांगायचंय?"

"सगळं लिहून घेतलंयस."

दार लागलं. तो त्याच पानावर बराच वेळ बसून राहिला. एक ओळही डोक्यात शिरली नव्हती.

अकरा वाजता तो काहीतरी खुटखुट करावी म्हणून बाल्कनीत गेला. व्हाइसच्या जबड्यात प्लेट होती.

त्याने फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. चित्रकलेच्या बाईंना लावला, तेच. ती वर पोहोचेल, शेळी उभी करेल, कॅमेरा काढेल, आणि त्याच्या बुडाशी मोकळं भोक बघेल. दीड वर्षानंतर. आणि ती काय समजेल, हे त्याला लख्ख दिसलं.

व्हाइस सोडवताना त्याने स्वतःला विचारलं, मी हे मुद्दाम केलं का? अडतीस वर्षांत त्याने व्हाइसमध्ये कधी काही विसरून ठेवलं नव्हतं. शेवटचा जॉब, म्हणजे त्यात धरलेला तुकडा, काढल्याशिवाय तो जेवायलाही जात नसे. त्याने मनात सगळीकडे शोधलं. हो असं उत्तर सापडलं नाही. पण नाही असंही ठामपणे सापडलं नाही, आणि त्याची त्याला लाज वाटली. आपण इतके कोते असू असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्याने प्लेट रुमालात गुंडाळून खिशात घातली, काठी घेतली आणि साडेअकराची बस धरली.

पायथ्यापासून पहिला टप्पा सौम्य चढाचा होता. चांगल्या गुडघ्याने चाळीस मिनिटं लागत. टर्नरला सव्वा तास लागला. रविवार असल्याने वाटेवर गर्दी होती. पोरंटोरं त्याला मागे टाकून पुढे जात होती आणि तो प्रत्येक पायरीला आधी काठी, मग चांगला पाय, मग दुखरा पाय असं करत चढत होता. खांद्यावर काहीच नव्हतं, तरी उजवा खांदा सवयीने वाकलेला होता.

पहिल्या टप्प्याच्या शेवटी एक सपाट खडक आहे. सव्वीस वर्षं दोघं तिथे बसून पाणी पीत. तो तिथे टेकला आणि वर बघितलं. इथून वाट सरळ अंगावर येते आणि वर कड्याचा माथा स्पष्ट दिसतो. तासाभराची खडी चढण. त्याचा गुडघा आता ठणकत होता, आणि पाय लटपटतोय हे त्याला नळीची थरथर कळावी तसं कळत होतं. पाण्याची ताटली ठेवायची गरज नव्हती.

तरीही तो उठला. दहा पावलं गेला. अकराव्याला काठी दगडावरून सटकली आणि तो हातावर आपटला. फार लागलं नाही. पण त्या क्षणी त्याला कळून चुकलं की आपण पुढे गेलो आणि पाय मोडून पडलो, तर बायकोला फोटो सोडून खाली धावत यावं लागेल. आजचा दिवस आपण एकदा बिघडवलाच आहे. दुसऱ्यांदा बिघडवायला तो वर जाणार होता, आणि तेही मदतीच्या नावाखाली. तो बसल्या बसल्याच मागे सरकत खडकापर्यंत आला.

खालून एक तरुण बाई पळत पळत येत होती. पिवळेजर्द बूट, पाठीला चिमुकली पिशवी. टर्नरने काठी आडवी धरून तिला थांबवलं.

"वर कड्यावर जाताय?"

"हो. का, बरं नाही का तुम्हाला?"

"मी ठीक आहे. वर जांभळ्या टोपीतली एक बाई असेल, काळ्या ट्रायपॉडजवळ. तिला ही द्या." त्याने रुमाल सोडला. प्लेट हातात देताना त्याला जरा जिवावर आलं. "तिला सांगा, कोरलेली रेघ लेन्सच्या बाजूला. स्क्रू नाण्याने घट्ट करायचा, नखाने नाही. आता फिरणार नाही म्हणावं, रबर लावलंय."

"रेघ लेन्सकडे, नाण्याने घट्ट," ती म्हणाली. "एवढीशीच? नेते की. वजन तर काहीच नाही हिचं."

"हो," टर्नर म्हणाला. "वजन काहीच नाही."

पिवळे बूट वळणाआड गेले. मग त्याला करण्यासारखं काही उरलं नाही. काठी मांडीवर आडवी ठेवून तो बसून राहिला. हललं की गुडघ्यातून कळ यायची, म्हणून तो हललाही नाही. माणसं येत होती, जात होती. चारच्या सुमाराला वरचं आभाळ एकाएकी उजळलं. इथून तळं दिसत नव्हतं, पण पट्टा पडला असणार. वाराही होता, चांगलाच. आज त्या वाऱ्याला अडवायला कोट पसरून कोणी उभं नव्हतं. टर्नरने मनातल्या मनात शेळीचे पाय एकेक तपासले. बारीक नळी आत आहे ना? सॅक टेकली आहे ना? बरोबर तीस आकडे मोजले. पुन्हा तीस मोजले. ती कामात असेल आणि तो तिथे नसेल, असं आज पहिल्यांदाच घडत होतं, आणि त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोसवत होतं.

सव्वापाचला जांभळी टोपी वळणावर दिसली. मागे चित्रकलेच्या बाई होत्या. त्या शहाण्या बाई, दोघांकडे एकदा बघून, "मी बसची वेळ बघते," म्हणत पुढे निघून गेल्या.

"काय हो हे!" बायको आल्या आल्या कडाडली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? आणि हाताला काय लागलंय ते?"

"शेळी हलली का?" टर्नरने विचारलं.

"आधी हात दाखवा."

"हलली का ते सांग."

तिने सॅक उतरवली, त्याच्या शेजारी बसली आणि त्याचा हात आपल्या पाण्याने धुतला. मग म्हणाली, "तासभर मी कॅमेरा सॅकवर ठेवून तोंड फुगवून बसले होते. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवून घेतलीत."

"मुद्दाम नाही," तो म्हणाला. "बहुतेक नाही. मी खूप आठवून बघितलं. तू इतकी खूश होतीस सकाळी. मला वाटलं, आता माझी काही गरज नाही उरली. मला ते आवडलं नाही."

एवढं बोलायला त्याला तीन आठवडे आणि एक डोंगर लागला होता. बायकोने कॅमेरा काढून त्याच्या हातात दिला. पडद्यावर तळं होतं. सायीसारखं पाणी आणि त्यावर आडवा एक सोनेरी पट्टा. टर्नरने चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो मोठा करत करत थेट पलीकडच्या काठावरच्या दगडांपर्यंत गेला. दगडांच्या कडा कापल्यासारख्या स्वच्छ होत्या. वारा असूनही.

"सॅक टेकवली होती," ती म्हणाली. "पुढचा बघा."

पुढच्या फोटोत तळं नव्हतं. वरून खाली, वाटेच्या दिशेने घेतलेला तो फोटो होता. डोंगराची उतरण, नागमोडी वाट, आणि वाट रिकामी. एक चिटपाखरू नाही.

"हे कधीचं? आज तर जत्रा होती इथे."

"आजचंच. तुमच्या त्या पिवळ्या बुटांनी सांगितलं की खाली खडकावर एक काका बसलेत. म्हणून पट्टा गेल्यावर मोठी लेन्स लावली. काळी काच, तीस सेकंद. चालणारा माणूस तीस सेकंदांत कुठेच पुरता थांबत नाही, म्हणून तो उमटत नाही. जेवढे चालत होते तेवढे सगळे पुसले गेले." तिने बोट ठेवलं. "इथे मोठं करा."

त्याने मोठं केलं. वाटेच्या कडेला सपाट खडक, आणि खडकावर एक माणूस. उजवा खांदा जरा वाकलेला. मांडीवर काठी, आणि त्या काठीची कडसुद्धा स्पष्ट. टर्नरने सवयीने आधी थरथर शोधली. शेळीची नव्हती. त्याचीही नव्हती.

मग त्याने चष्मा काढून उगाचच पुसला.

"म्हैस असती तर..." त्याने सुरुवात केली आणि सोडून दिली. शेळीकडे हात नेऊन त्याने तिचा एक पाय चाचपला, लॉक घट्ट आहे ना बघितलं.

"चार दिवस असतात ना तो पट्टा?" त्याने विचारलं.

"हो. अजून तीन."

"मग उद्या परत जा. मी इथे बसतो."

"डबा दोघांचा घेते मग," ती म्हणाली आणि सॅक पाठीला लावली. दोघं सावकाश उतरायला लागली, ती एक पायरी पुढे, तो तिच्या खांद्यावर हात ठेवून.